ऋण कोणी सोडले? संगीत नाटकांतून क्षमा आणि सूड यांचा ख्रिस्ती अभ्यास कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नाटकाची ओढ कोणाला नव्याने लावावी लागत नाही. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले, कुमार गंधर्व सुळेभावीचे, आणि गोकाक भागातील कन्नड 'श्रीकृष्ण पारिजात' तर रात्र-रात्र जागून पाहिलेली माणसे गावोगाव आहेत. आज एकाच घरात नाट्यपदे तोंडपाठ असलेली आजी आणि मोबाइलवर लंडन-न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांची गाणी ऐकणारी नात एकत्र राहतात. आमच्या मंडळीतील दहा-बाराजणांचा अभ्यासगट रविवारच्या उपासनेनंतर बसतो. या दोघींना एकाच बाकावर बसवून क्षमा आणि सूड या विषयांवर बोलते करावे, या इच्छेतून तो सुरू झाला. त्या अनुभवातून जी पद्धत हाती आली, ती येथे क्रमाने मांडतो. मिस्सानंतर बसणाऱ्या कॅथलिक युवक गटालाही ती तितकीच उपयोगी पडेल.

पहिली पायरी: नाटकाआधी शब्द स्वच्छ करणे

पहिल्या रविवारी कोणतेही नाटक लावू नका. फळ्यावर माफी, क्षमा, सूड आणि न्याय असे चार शब्द लिहा आणि प्रत्येकाला आपल्या बोलण्यातले एकेक वाक्य द्यायला सांगा. माफी हा शब्द आपण कर्जमाफी, सारामाफी अशा अर्थाने वापरतो. वरच्याने दिलेली ती सवलत असते आणि तिच्यासाठी मन बदलावे लागत नाही. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातील कट्यारीला 'एक खून माफ' असतो. तेथे माफी आहे, क्षमा मात्र नाही. हा फरक ज्येष्ठ मंडळींना लगेच पटतो.

त्यानंतर मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील प्रभूची प्रार्थना मोठ्याने वाचा. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' हे वाक्य आपण इतक्यांदा म्हटलेले असते की त्यातील 'ऋण' हा शब्द कानांवरून निसटून जातो. ऋण सोडायचे म्हणजे ते नव्हतेच असे म्हणायचे नाही. ते होते, मोजलेले होते, आणि सोडणाऱ्याने तो तोटा स्वतःच्या खात्यावर घेतला, असा त्याचा अर्थ होतो. चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यात उचल घेतलेल्या टोळीतील मजुराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच बैठकीत मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला घ्या आणि हिशेब फळ्यावर मांडा. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. धन्याने सोडलेले १०,००० तलांतांचे कर्ज म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी झाली, आणि त्याच चाकराने सोबत्याचा गळा धरला तो १०० दिवसांच्या मजुरीसाठी. हे आकडे फळ्यावरून पुसू नका, कारण पुढच्या प्रत्येक नाटकात आपल्याला हाच हिशेब करायचा आहे: ऋण किती होते, कोणाचे होते, ते कोणी सोडले, आणि तोटा कोणाच्या खात्यावर गेला?

दुसरी पायरी: नाटकाची निवड

बायबलमधील कथेवरचेच नाटक हवे, असा आग्रह पालक नेहमी धरतात. तो संपूर्णपणे मान्य करू नये, असे माझे मत आहे. १९७१ चे 'गॉडस्पेल' मत्तयाच्या शुभवर्तमानावर रचलेले आहे आणि निर्दय चाकराचा दाखलाही त्यात आहे, परंतु तेथे उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे मुले शोध घेत नाहीत. निवडीची कसोटी अशी ठेवा: अपराध रंगमंचावर प्रेक्षकांसमोर घडलेला असावा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातात कधीतरी सूड घेण्याची खरी संधी यावी, आणि त्या क्षणी गाणे असावे. ज्याला सूड घेणे शक्यच नव्हते त्याने केलेली क्षमा आणि नाइलाज यांत फरक करणे फार कठीण असते.

लहान मुलांच्या संडे स्कूलसाठी मात्र योसेफाच्या कथेवरील 'जोसेफ अँड द अमेझिंग टेक्निकलर ड्रीमकोट' चांगले आहे. १९६८ साली लंडनच्या एका शाळेत मुलांनी सादर केलेल्या अवघ्या १५ मिनिटांच्या प्रयोगातून ते वाढत गेले. ते पाहिल्यावर उत्पत्तीचा चव्वेचाळिसावा अध्याय वाचा आणि मुलांना एवढेच विचारा की योसेफाने बन्यामिनाच्या गोणीत प्याला का लपवला. भावाला विकण्याची कल्पना ज्या यहूदाने काढली होती, तोच आता धाकट्या भावाऐवजी स्वतः दास व्हायला तयार होतो. हे मुलांना स्वतः सापडू द्या.

तिसरी पायरी: एक नाटक खोलात घेणे

सुरुवातीला 'ले मिझेराब्ल' घ्यावे. व्हिक्टर ह्युगो यांच्या १८६२ च्या कादंबरीवर आधारलेले हे नाटक १९८० साली पॅरिसमध्ये आणि १९८५ साली इंग्रजीत लंडनमध्ये आले. त्यात जवळजवळ सर्व संवाद गायलेले आहेत. संपूर्ण नाटक एका बैठकीत दाखवू नका, कारण तीन तासांच्या शेवटी चर्चेसाठी कोणीच ताजे उरत नाही. १९९५ च्या लंडनमधील मैफलवजा प्रयोगाचे अधिकृत ध्वनिचित्रमुद्रण मिळते. त्यातील तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येकाची गोष्ट आधी मराठीत पाच मिनिटांत सांगा. पडद्यावरची इंग्रजी अक्षरे वाचण्यात गुंतलेला माणूस चाल ऐकत नाही.

पहिला प्रसंग बिशपच्या घरचा आहे. भाकरी चोरल्याबद्दल आणि पुढे तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नांबद्दल १९ वर्षे शिक्षा भोगलेला ज्याँ वालज्याँ बिशपच्या घरी आसरा घेतो, रात्री चांदीची भांडी घेऊन पळतो आणि शिपायांच्या हाती सापडतो. बिशप शिपायांना सांगतात की भांडी आपणच दिली होती, आणि वर चांदीच्या दोन मेणबत्तीदाण्याही त्याच्या हाती ठेवतात. येथे थांबा आणि फळ्यावरील हिशेब करायला सांगा. भांडी बिशपची होती, तोटा बिशपचा झाला, आणि चोराच्या हाती मूळ ऋणाहून अधिक पडले. त्यानंतर वालज्याँ एकटाच गातो. डोळ्याबद्दल डोळा हाच नियम जगाने आपल्याला शिकवला, हे तो त्या गाण्यात बोलून दाखवतो, आणि अखेरीस जुन्या नावाचा माणूस मागे टाकून निघतो.

दुसरा प्रसंग बंडखोरांनी रस्त्यात रचलेल्या अडसराजवळचा. वर्षानुवर्षे वालज्याँचा पाठलाग करणारा पोलीस अधिकारी जाव्हेर बंडखोरांच्या हाती सापडतो आणि त्याला ठार मारण्याचे काम वालज्याँ मागून घेतो. वालज्याँ त्याला गल्लीत नेतो, दोर कापतो, सोडून देतो, आणि आपला पत्ताही सांगतो. आपली निवडीची कसोटी येथे पूर्ण उतरते, कारण सूड घेण्याची संधी, शस्त्र आणि एकांत हे तिन्ही त्याच्याकडे होते.

तिसरा प्रसंग जाव्हेरच्या शेवटच्या गाण्याचा आहे, आणि संपूर्ण अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे कानांनीच कळते. वालज्याँच्या पहिल्या एकट्याच्या गाण्याची चाल आणि सेन नदीत उडी घेण्यापूर्वी जाव्हेर गातो ती चाल एकच आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकवा आणि काहीही न सांगता गटाला विचारा की काय ऐकू आले. आमच्या गटात एका आजींनी हे प्रथम ओळखले. नाट्यपदांवर पोसलेला कान चालीची पुनरावृत्ती सोडत नाही. दोघांनाही न मागता, न कमावता दया मिळाली. एकाने ती घेतली, तर दुसऱ्याला आपला जीव एका गुन्हेगाराने सोडलेल्या ऋणावर उभा आहे हे सहन झाले नाही. यानंतर मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील, येशूला धरून देणारा यहूदा इस्कार्योत आणि योहानाच्या एकविसाव्या अध्यायातील, त्याला नाकारलेला पेत्र शेजारी-शेजारी ठेवून वाचा. पश्चात्ताप दोघांनाही झाला होता, पण समुद्रकिनाऱ्यावर येशूने पेटवलेल्या विस्तवाजवळ जाऊन बसला तो पेत्र. क्षमा देणे कठीण असते हे सर्वांनाच ठाऊक आहे. ती स्वीकारणे किती कठीण असते, हे शिकवायला मला याहून चांगले साधन मिळालेले नाही. म्हणून या प्रसंगाला पूर्ण एक रविवार द्या.

चौथी पायरी: सुडाचे नाटक टाळू नये

अनेक गट येथेच थांबतात, कारण सुडाचे नाटक मंडळीत दाखवणे त्यांना रुचत नाही. मग क्षमेची चर्चा गोड होते आणि पोकळ राहते. सुडाची चव किती खरी असते हे मान्य केल्याशिवाय तो सोडण्याची किंमत कळत नाही. स्तोत्रसंहितेच्या १३७ व्या स्तोत्रात बाबेलवरचा संताप किती उघडा आहे ते पाहा. पवित्र शास्त्राने तो लपवलेला नाही.

यासाठी स्टीफन सोंडहाइम यांचे १९७९ चे 'स्वीनी टॉड' घ्यावे, मात्र १६ वर्षांखालील मुलांना दाखवू नये, कारण त्यात गळे चिरले जातात. ज्याच्या पत्नीचा लोभ धरून एका न्यायाधीशाने खोट्या आरोपावर हद्दपार केले, तो न्हावी १५ वर्षांनी परत येतो आणि सुडाची तयारी करतो. न्यायाधीश हातचा निसटल्यावर तो एका गाण्यात ठरवतो की आता सगळ्यांनीच मरावे. सूड एका ऋण्यापासून सुरू होऊन कोणाचेही ऋण नसलेल्यांपर्यंत कसा पोहोचतो, ते या एका गाण्यात ऐकू येते. पुढे ज्या भिकारणीला तो वाटेतून दूर करण्यासाठी मारतो, ती त्याची स्वतःची पत्नी निघते, आणि वेश पालटलेल्या मुलीच्या गळ्यापर्यंतही त्याचा वस्तरा पोहोचतोच. जिच्यासाठी सूड घ्यायचा, तीच सुडात सापडते.

या नाटकाच्या संगीतात 'दिएस इरे' या मध्ययुगीन लॅटिन गीताच्या स्वररचनेचा धागा आहे. 'क्रोधाचा दिवस' असा त्या शब्दांचा अर्थ असून पूर्वी कॅथलिक चर्चमध्ये मृतांसाठीच्या मिस्सात ते गीत गायले जाई. गटात जुनी लॅटिन मिस्सा आठवणारे कोणी असेल तर त्यांना ते गुणगुणायला सांगा आणि मग नाटकातील समूहगीत ऐका. देवाच्या न्यायदिवसाचे गीत एका माणसाने स्वतःच्या वस्तऱ्यासाठी घेतले, असे मला ते ऐकताना वाटते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील 'सूड घेणे माझ्याकडे आहे' हे वचन या संगीतानंतर वाचले की ते धमकीसारखे वाटत नाही. माणसाला न पेलणारे ओझे काढून घेणारे वाटते. २००७ च्या चित्रपटात ते समूहगीत गायलेले नाही, म्हणून या पायरीसाठी रंगमंचावरील प्रयोगाचे १९८२ चे चित्रमुद्रण वापरावे.

या बैठकीत आपल्या भागाची एक अडचण येईल, तिची तयारी ठेवा. बांधावरून, वाटणीवरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊबंद प्रत्येक गावात आहेत, आणि सीमाभागात पिढ्यांच्या गाऱ्हाण्यांची सवय सर्वांनाच आहे. न्याय मागणे म्हणजे सूड घेणे आहे का, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. नाही, असे स्पष्ट उत्तर द्या. कोर्टात दाद मागणारा माणूस निवाडा दुसऱ्याच्या हाती सोपवतो. सूड घेणारा फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद हे तिन्ही स्वतःच होतो. स्वीनी टॉडचे तेच झाले.

पाचवी पायरी: आपल्या रंगभूमीकडे परत येणे

परदेशी नाटके पाहून झाल्यावर 'मृच्छकटिक' घ्या. शूद्रकाचे हे संस्कृत नाटक गोविंद बल्लाळ देवल यांनी मराठी संगीत रंगभूमीवर आणले. राजाचा शालक शकार गणिका वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजून खुनाचा आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर, घालतो, आणि चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेतात. ऐनवेळी वसंतसेना जिवंत समोर येते, राज्य पालटते, आणि लोक शकाराला ठार मारा म्हणून ओरडत असताना तो चारुदत्ताच्या पाया पडतो. मूळ नाटकाच्या दहाव्या अंकात चारुदत्त म्हणतो की अपराध करून शरण आलेल्या शत्रूला शस्त्राने मारू नये, उपकाराने मारावे.

हे वाक्य आणि रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय शेजारी ठेवा. शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे, असे केल्याने तू त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील, असे पौल नीतिसूत्रांतून उद्धृत करतो. एकीकडे 'मारणे' हा शब्द उरतो, दुसरीकडे निखारे उरतात. दोन्हींकडे भलेपण हेच शत्रूला जिंकण्याचे हत्यार आहे. मात्र येथे प्रामाणिकपणा सोडू नका. चारुदत्ताला ख्रिस्ती ठरवू नका. त्याचा धर्म शरणागताला अभय देण्याचा आहे आणि तो त्याच्या परंपरेचा ठेवा आहे. उलट, फरक कोठे पडतो हे शोधा. शकार शरण आला, मग त्याला अभय मिळाले. वधस्तंभावरून 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही' असे येशू म्हणाला, तेव्हा खाली उभ्या असलेल्यांपैकी कोणीही क्षमा मागितलेली नव्हती. शिपाई त्याच्या वस्त्रांसाठी चिठ्ठ्या टाकत होते. क्षमा मागण्याआधी ती देणे हा वेगळेपणा शेजाऱ्याचे नाटक आदराने वाचल्यावर जितका स्पष्ट दिसतो, तितका एरवी दिसत नाही.

सहावी पायरी: क्षमा आणि पांघरूण यांतील फरक

ही पायरी वगळणाऱ्या गटाने हा अभ्यास करूच नये, इतके मला ती महत्त्वाची वाटते. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. दारूच्या नशेत सुधाकराच्या हातून मूल जाते आणि त्याची पत्नी सिंधू जखमी होते, तरीही पतीला वाचवण्यासाठी ती फौजदाराला खोटे सांगते. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढले, आणि आजही अनेक ज्येष्ठ स्त्रिया सिंधूला क्षमेची मूर्ती मानतात.

आता गटाला विचारा: बिशपही शिपायांशी खोटे बोलले आणि सिंधूही फौजदाराशी खोटे बोलली, मग फरक कोणता? घाई करू नका, उत्तर यायला वेळ लागतो. भांडी बिशपची होती, म्हणून ते ऋण सोडण्याचा अधिकार त्यांना होता. सिंधू स्वतःच्या जखमांचे ऋण सोडू शकत होती, परंतु बाळाचे ऋण तिचे नव्हते. बिशपच्या शब्दाने चोराच्या हाती नवे आयुष्य आले, तर सिंधूच्या शब्दाने सत्य झाकले गेले. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. दटावणे तेथे आधी आले आहे.

आमच्या बैठकीत या प्रश्नावर एक मध्यमवयीन बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि नंतर एवढेच म्हणाल्या की मला आयुष्यभर सिंधू व्हायला सांगितले गेले. त्या दिवशी आम्ही पुढचा प्रसंग घेतला नाही. बैठक चालवणाऱ्याने लक्षात ठेवावे की मारहाण सोसणाऱ्या व्यक्तीला नाटकाचे उदाहरण देऊन घरी परत पाठवणे हे पाप आहे. अशा वेळी चर्चा थांबवावी, त्या व्यक्तीशी विश्वासातील स्त्रीने एकांतात बोलावे, आणि सुरक्षिततेची व पोलिसांची मदत क्षमेच्या आड येत नाही हे स्पष्ट सांगावे.

सातवी पायरी: स्वतः उभे करून पाहणे

सहा-सात रविवारांनंतर उपवासकाळात एक प्रसंग गटाने स्वतः सादर करावा. परदेशी संगीत नाटकांचे भाषांतर करून प्रयोग करायचा तर हक्कधारकांची परवानगी लागते, आणि ती नसताना मंडळीच्या सभागृहातही तो करू नये. देवल १९१६ साली आणि गडकरी १९१९ साली वारले. त्यांच्या नाटकांचे हक्क केव्हाच संपलेले आहेत, म्हणून 'मृच्छकटिक'चा शेवटचा प्रवेश निवडणे सोपे जाते. बायबल मराठीबरोबर कन्नडमध्येही जवळ ठेवा, कारण कन्नड शाळेत शिकलेल्या मुलांना रोमकरांस पत्र त्या भाषेत चटकन उमगते. पेटी वाजवणारे कोणीतरी मंडळीत असतेच. तबला नसला तरी चालेल.

भूमिका वाटताना शकाराचे काम गटातील सर्वांत आवडत्या मुलाला द्या, म्हणजे त्याला मारा म्हणून ओरडताना इतरांचा आवाज अडखळेल. जमावात बाकीच्या सर्वांना उभे करा, बैठक चालवणाऱ्यालाही. तालमीत तो प्रवेश एकदा चारुदत्ताने शकाराला क्षमा न करता करून पाहा आणि जमावाला कसे वाटले ते लिहून ठेवायला सांगा. मग मूळ शेवटासह पुन्हा करा. दोन्ही तालमींचे कागद पुढच्या रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणण्याआधी वाचावेत.